बटणावरचा हात

मिस्त्रीणबाईंना झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं, की बाई, आयुष्यात तुम्ही सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोललात, तर त्यांनी डोळे न उघडता सांगितलं असतं, "वीज काय तुझ्या बापाची आहे?"

वाक्य मुख्यतः लेकीसाठी होतं. लेक शाळेत असताना वाचता वाचता पाणी प्यायला उठली आणि मागे दिवा तसाच राहिला, की बाई शिवणयंत्रावरून मान वर न करता ते वाक्य फेकायच्या. आता गंमत अशी, की लेकीचा बाप, म्हणजे आपले मिस्त्री, शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. ते बिचारे निमूट उठायचे आणि जाऊन दिवा बंद करून यायचे. वीज खरंच त्यांची नव्हती ना! ते पंपमिस्त्री. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या इमारतींत, बागांत आणि कारखान्यांत पाणी खालून वर चढवलं, आणि त्याला लागणारी वीज कायम दुसऱ्याच कुणाची तरी असायची.

निवृत्त झाल्यावर चार महिने मिस्त्री शहरातल्या दोन खोल्यांत बसून राहिले. त्या चार महिन्यांत स्वयंपाकघरातला एकच नळ त्यांनी सात वेळा खोलून दुरुस्त केला. सातव्या वेळी तो खरोखरच बिघडला. जेवताना बोलेनात, पेपर उलटा धरला तरी त्यांना कळेना. मग एक दिवस मिस्त्री बाहेरून आले ते उड्या मारतच. एका जुन्या गिऱ्हाइकाचं टेकडीवरचं घर रिकामं पडलं होतं, तो म्हणत होता खुशाल राहा.

"आणि घराच्या मागे ओढा आहे," मिस्त्री म्हणाले.

'ओढा' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला, की बाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. सामान बांधायला घेतलं.

घर छान होतं. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, आणि मागच्या दारातून ओढ्याकडे उतरणाऱ्या नऊ पायऱ्या. शिवणयंत्र खिडकीशी ठेवता येत होतं. शहरातल्या खिडकीतून बाईंना चाळीस वर्षं समोरच्याची भिंत दिसली होती. इथं पाणी दिसायचं. फक्त एकच गोष्ट नव्हती. विजेचे खांब खालच्या वळणाशीच संपले होते आणि पुढे यायची त्यांची काही इच्छा दिसत नव्हती.

दोन महिने कंदील आणि बॅटरीवर निघाले. मग एका संध्याकाळी नऊ पायऱ्यांपैकी सातवी बाईंना दिसली नाही. पाय मुरगळला. तो आठ दिवसांत बराही झाला. पण बाईंनी फोनवर बोलता बोलता लेकीला सांगून टाकलं आणि तिथंच घोळ झाला.

लेक इस्पितळात वॉर्डची मुख्य सिस्टर. तीस पेशंट आणि चार डॉक्टर तिच्या एका भुवईवर चालायचे. तिनं बापालाच फोनवर बोलावलं.

"बाबा, मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येते. दोन दिवस राहीन. घरात दिवा धड जळत असला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नसला, तर दोघांनी बॅगा भरायच्या आणि रविवारी माझ्याबरोबर चालायला लागायचं. मी पुढची खोली रिकामी करून ठेवलीय."

"मान्य," मिस्त्री म्हणाले.

बाईंना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मला काय, मी कुठंही शिवीन. असं त्यांना तेव्हा वाटत होतं, बरं का.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी बाईंची कपड्यांची बादली पळवली.

"अहो, भिजवलेत ना मी कपडे!"

"काढ ते. आणि घड्याळ घेऊन ये."

ओढ्याच्या वरच्या अंगाला एका खडकावरून पाणी उडी घेत होतं. मिस्त्रींनी बादली खाली धरली, बाईंनी घड्याळ धरलं. वीस लिटरची बादली, दोन सेकंदांत भरली. मग दोघं पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेऊन खडकापासून खालच्या पडक्या खोपटापर्यंत टप्प्याटप्प्यानं उतरले. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं, त्यावरून उतार मोजायचा. दर टप्प्याला मिस्त्री ओरडायचे "धर वर!" आणि बाई म्हणायच्या "अहो, अजून किती वर, माझा हात संपला!" शेवटी आकडा निघाला, सहा मजले. मिस्त्रींनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला आणि कागद बाईंसमोर नाचवला.

"आठशे वॉट! शंभरचे आठ बल्ब!"

"पण तुमच्याकडे तर नुसता जुना पंप आहे. वीज करायचं यंत्र कुठंय?"

"अगं, तेच ते. वीज दिली की पंप पाणी वर फेकतो. आपण पाणी वरून सोडायचं. पंप उलटा फिरेल, त्याच्याबरोबर त्याची मोटर फिरेल, आणि इतकी वर्षं वीज खाणारी मोटर आता वीज ओकेल."

"म्हणजे उलटी गंगाच की!"

"पस्तीस वर्षं पाण्याला मी वर चढवलंय. आता खाली येताना त्यानं माझ्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?"

तीन आठवडे मिस्त्री त्या कामात बुडाले. खडकाशी छोटा बांध, बांधाला लागून गाळ खाली बसायला एक हौद, हौदाच्या तोंडाला पानं अडवायची जाळी. तिथून घराच्या बाजूनं खोपटापर्यंत काळा जाड पाइप. खोपटात झडप, पंप आणि मोटर. बाईंनी पाइपाच्या सांध्यांना गुंडाळायला जुन्या रबराच्या पट्ट्या कापून दिल्या, अगदी शिवणाच्या मापानं. रात्री मिस्त्री इतके घोरायचे, की बाईंना बरं वाटायचं. शहरात हा माणूस झोपतच नव्हता.

विजेच्या अंगाचं काम रेडिओवाल्यानं केलं. खाली बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं मोटरीला काय काय डबे जोडले, घरभर तारा ओढल्या, आणि खोपटात मिस्त्रींना पथ्य सांगितलं.

"मिस्त्री, भार आपोआप सांभाळणारा डबा मी बनवतोय, पण त्याचे भाग यायला महिना जाईल. तोवर एकच करायचं. यंत्राला पाणी आठ बल्बांचं सोडलंय, तर बल्ब आठच जळाले पाहिजेत. भार कमी झाला की यंत्र उधळतं, व्होल्ट चढतात."

पंपाच्या आवाजात मिस्त्रींना हे सगळं नीट ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी बाईंना ते दोन शब्दांत सांगितलं, "दिवे लावून ठेव." नवरे असंच सांगतात.

पहिल्या संध्याकाळी झडप उघडली. खोपटातून आधी घरघर आली, मग एकसारखा सूर लागला, आणि आठच्या आठ बल्ब पिवळे, मग पांढुरके झाले. मिस्त्री पायऱ्या चढत वर आले, तेव्हा त्यांच्या विजारीतून पाणी निथळत होतं आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. बाईंना रडूच आलं. दोघं घरभर नुसते फिरत राहिले, या खोलीतून त्या खोलीत, जत्रेत आल्यासारखे.

तिसऱ्या संध्याकाळी फट् झालं.

मिस्त्री खोपटात होते. सूर एकदम वर चढला, किंचाळायलाच लागला, आणि त्यांनी झडपेकडे धाव घेईपर्यंत वर घरात फट्, फट्, फट्. पाच बल्ब गेले. काळोखात बॅटरी घेऊन ते वर आले.

"तू कशाला हात लावलास का गं?"

"मी? मी कशाला हात लावू? मी शिवत बसले होते."

आणि बाई अगदी मनापासून खरं बोलत होत्या, हे लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून मिस्त्रींच्या मागे हे लचांड लागलं. सकाळी ते सगळं तपासायचे, सगळं ठीक. नवे बल्ब लावायचे, सगळं ठीक. संध्याकाळी कधी सातला, कधी आठला सूर चढायचा आणि फट्! कधी तीन जायचे, कधी सहा. त्यांनी झडप खोलली. पंपाचं पातं काढून बाईंच्या स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवलं, घासलं, परत बसवलं. जाळी बदलली. पाइपात हवा राहते म्हणून वरच्या टोकाला नळी काढली. व्होल्टचा काटा खोपटातून उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणला आणि दोनशे वीसवर लाल ठिपका काढला. फट्.

रेडिओवाल्याला दोनदा बोलावलं. तो संध्याकाळभर बसला, दोन कप चहा प्यायला, बाईंच्या हातची आम्लेटं खाल्ली. काटा लाल ठिपक्यावरून केसभरही हलला नाही.

"वहिनी, तुमचं यंत्र माझ्यासमोर फार गुणी वागतं हो," तो जाताना म्हणाला.

तो वळणाच्या पलीकडे गेला न गेला, तोच फट्!

शनिवार चार दिवसांवर आला, तेव्हा मिस्त्री ओल्या चपलांसकट घरात येऊन खुर्चीत बसले. एरवी बाईंनी त्या चपलांवरून रामायण केलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून त्यांनी फडकं आणून फरशी पुसली.

"माझा हातच गेला गं," मिस्त्री म्हणाले. "पस्तीस वर्षं लोकांचे पंप सरळ चालवले. स्वतःच्या घरचा एक उलटा चालवता येत नाही. तिला फोन करून सांगतो, उगाच दोन दिवस कशाला फुकट घालवतेस, आम्हीच येतो म्हणून."

ते उठले आणि स्वयंपाकघरातल्या नळाशी गेले. नळ किंचित गळत होता. त्यांनी तो खोलायला घेतला.

बाईंनी ते बघितलं. त्यांना लेकीच्या घरातली पुढची खोली दिसली, सोफा दिसला, सोफ्यावर बसून त्या घरातले सगळे नळ एकेक करून खोलणारा आपला नवरा दिसला. आणि मला काय, मी कुठंही शिवीन, हे साफ खोटं होतं. त्यांना ही खिडकी हवी होती. हा ओल्या चपलांचा, घोरणारा, बादल्या पळवणारा माणूस हवा होता.

"फोन उद्या करा," त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री खाली खोपटात झडप अर्धीच उघडून यंत्र पुसत होते. पुसत म्हणजे निरोपच घेत होते. बाई मागच्या खोलीतून घड्या घातलेल्या कपड्यांची चळत दोन्ही हातांवर घेऊन निघाल्या. दारात त्यांचं कोपर वर गेलं, बटणावर टेकलं. टिक. मागची खोली अंधारली. बाई दोन पावलं पुढे आल्या आणि थबकल्या.

खाली सूर चढला होता. थोडासाच. बाईंचा कान आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेला. दोऱ्याचा ताण बदलला तरी त्यांना आवाजात कळायचं. त्या मागे गेल्या आणि कोपरानं बटण दाबलं. टिक. सूर खाली. पुन्हा टिक. सूर वर, आणि स्वयंपाकघरातला बल्ब अंमळ जास्तच पांढरा.

त्यांनी कपडे खाली ठेवले आणि घरातून एक चक्कर मारली. मागच्या पायऱ्यांचा दिवा: बंद. न्हाणीघराचा: बंद. कोठीचा: बंद. कुणी बंद केले? घरात दुसरं होतं कोण?

अगं बाई!

रोज संध्याकाळी शिवायला बसण्याआधी त्या घरभर फिरत होत्या आणि जिथं कुणी नाही तिथला दिवा बंद करत होत्या. करत होत्या म्हणजे काय, हात करत होता. बाईंना त्याची खबरही नव्हती. श्वास घेतल्याची कुणी नोंद ठेवतं का? आणि रेडिओवाला आला की एकही दिवा बंद होत नव्हता. पाहुण्यांसमोर कवडीचुंबकपणा नको, एवढं भान त्या हाताला होतं.

बाई चारही दिवे लावून, पायऱ्या जपून उतरून खोपटात गेल्या. मिस्त्री पाठमोरे होते.

"अहो, तुमचा हात नाही गेला," त्या म्हणाल्या. "माझा गेलाय. बटणावर. रोज."

मिस्त्रींना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते पंपावर हात ठेवून खाली बसले. बाईंना वाटलं, आता चिडणार. चिडले तर बरंच, असंही वाटलं. पण मिस्त्रींचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते आणि डोळ्यांना ग्रीस लावून घेत होते.

"दहा दिवस!" ते म्हणाले. "दहा दिवस मी यंत्र खोलतोय! खोलायला हवं होतं भलतंच!"

"हसू नका. आणि हे लेकीला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

"का गं?"

"का म्हणजे? आयुष्यभर त्या पोरीच्या मागे लागले दिवे बंद कर म्हणून. आता सांगू, की बाई गं, घर त्याच्यामुळेच अंधारात होतं? ती मला वॉर्डभर मिरवेल."

मिस्त्रींनी शपथ घेतली. इथंच दोघांची चूक झाली, पण ते तेव्हा कुणाला कळणार!

पुढचे तीन दिवस बाईंनी काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. सगळ्या बटणांवर त्यांनी चिकटपट्ट्या लावल्या. रिकाम्या खोलीत दिवा जळताना बघितला, की हात शिवशिवायचे. मग त्या हात ॲप्रनच्या खिशात कोंबायच्या आणि तोंड फिरवून चालायला लागायच्या. शुक्रवारी कोठीच्या दारात उभं राहून त्या बल्बला म्हणाल्या, "जळ मेल्या, जळ!" पण फट् झालं नाही. एकदाही नाही. काटा लाल ठिपक्यावर ठाण मांडून बसला.

शनिवारी दुपारी लेक येणार म्हणून बाईंनी चिकटपट्ट्या काढून टाकल्या. दिसल्या असत्या तर तिनं विचारलं असतं.

लेक आली. संध्याकाळी तिनं घरभर राउंड घेतला. पायऱ्या मोजल्या, सातवीवर उभी राहून बघितली, काट्यापुढे दोन मिनिटं उभी राहिली, जणू पेशंटचा ताप बघतेय. खोपटात जाऊन बापाकडून उलट्या पंपाची सगळी कथा ऐकून घेतली. मिस्त्री इतकं बोलले, की त्यांचा घसा बसला.

"अजून एक दिवस आहे," जेवताना ती म्हणाली. पण तिनं दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं. बाईंनी टेबलाखाली मिस्त्रींच्या पायावर पाय दिला. झोपायच्या वेळी मिस्त्री म्हणाले, दिवे असू देत, मागच्या पायऱ्यांची तुला काळजी ना? लेकीला ते पटलं. तिनं डोळ्यांवर रुमाल बांधला आणि झोपली.

वॉर्डच्या सवयीनं ती सकाळी लवकरच उठली. तोवर चांगलं उजाडलं होतं. मिस्त्री रोजच्यासारखे दाताळं घेऊन जाळीवरची पानं काढायला वर बांधाशी गेले होते; तिथून येऊन खाली झडप बंद करायची, हा त्यांचा क्रम. बाई न्हाणीघराबाहेर, तोंडात ब्रश आणि तोंडभर फेस.

लेकीनं रुमाल सोडला आणि बघितलं तर काय, खिडकीतून ऊन आत आलंय आणि डोक्यावर शंभरचा बल्ब जळतोय! पुढच्या खोलीत बल्ब, कोठीत बल्ब! आता ती लेक कुणाची? जराही विचार न करता उठली आणि निघाली. टिक. टिक. टिक.

खोपटातून सूर चढला. बाईंचा कान उभा राहिला. बाहेर पायऱ्यांवर फट्, पुढच्या दाराशी फट्, न्हाणीघरात, बाईंच्या पाठीशीच, फट्! बाई ब्रशसकट आत धावल्या. काटा लाल ठिपका ओलांडून पार कोपऱ्याकडे निघाला होता. उरलेसुरले बल्ब डोळे ठरू नयेत इतके पांढरे झाले होते. आणि एक फुटला, की त्याचं खाणंही इतरांच्याच ताटात! लेक स्वयंपाकघराच्या बटणाकडे हात नेत होती. आईला बघून तिनं कमरेवर हात ठेवला आणि अस्सल आईच्याच आवाजात, मान तशीच तिरकी करून म्हणाली,

"काय गं आई हे? ढळढळीत उजाडलंय आणि सगळे दिवे चालू! वीज काय आपल्या बापाची आहे?"

बाईंनी ब्रश फेकला, फेस थुंकला.

"आहे!" त्या ओरडल्या. "तुझ्या बापाचीच आहे! लाव!"

"आँ?"

"लाव म्हणते ना! सगळं लाव! कोठीचा लाव, पुढचा लाव! इस्त्री कुठंय? इस्त्री लाव!"

तीस पेशंट आणि चार डॉक्टर हाताळणारी बाई, पण आईचा तो आवाज ऐकून ती पुन्हा दहा वर्षांची झाली आणि धावत सुटली. टिक, टिक, टिक. बाईंनी कपाटातून इस्त्री ओढली आणि खोचली. काटा थरथरला, थांबला, मागे फिरला. सूर खाली आला. लाल ठिपक्याच्या दोन रेघा खाली काटा स्थिर झाला, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. पाच बल्ब शाबूत होते. इस्त्री ओट्यावर उभी राहून कुणाचंच काही इस्त्री न करता तापत होती.

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बाईंच्या हनुवटीवर फेस होता.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तुला बरं वाटतंय ना?"

मग बाईंना सांगावंच लागलं. कोपरापासून चिकटपट्ट्यांपर्यंत, जळ मेल्यापर्यंत, सगळं. लेक ओट्याला टेकून ऐकत होती. ऐकता ऐकता खाली बसली, आणि मग फरशीवर बसूनच इतकी हसली, की तिला ठसका लागला. बाईंनी पाणी दिलं, पाठीवर धपाटा दिला, आणि मग त्याही शेजारी बसून हसायला लागल्या.

मागच्या दारात मिस्त्री उभे होते. सूर चढलेला ऐकून ते बांधापासून धावत आले होते. एका हातात दाताळं, दुसऱ्यात ओल्या पानांचा गोळा. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, पण ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं, हे बाईंना त्यांच्याकडे बघताच कळलं. आयुष्यभर ज्या वाक्यानं ते पेपर ठेवून उठायचे, तेच वाक्य, आणि त्याला आज मिळालेलं उत्तरही. त्यांनी पानं बाहेर टाकली, नळाशी जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले, मग सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले.

"नळ गळत नाही आता," ते उगाचच म्हणाले.

न्याहारीला लेकीनं बापाच्या पाठकोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं.

"बाबा, तुमचा तो डबा येईपर्यंत जिन्याची बटणं का नाही लावत? दोन बाजूंची? वर दाबलं की बल्ब, खाली दाबलं की तेवढ्याच ताकदीची पाणी तापवायची कॉइल. बंद असं काही नाहीच. आईचा हात जाऊ दे कुठं जायचा तिथं. भार तेवढाच, आणि वर अंघोळीला गरम पाणी."

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. लेकीकडे बघितलं. मग बाईंकडे बघून म्हणाले, "बघ. डोकं माझ्यावर गेलंय."

"हात माझ्यावर गेलाय ते बोला," बाई म्हणाल्या.

पण खरी गोष्ट अजून कुणी काढलीच नव्हती. दुपार झाली. लेकीनं बॅग भरली, दारात आणून ठेवली. फट् तर झालं होतं. तीन बल्ब तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. शब्द म्हणजे शब्द, आणि ही पोर शब्दाची पक्की. शेवटी बाईंनाच राहवलं नाही.

"मग? आमच्या बॅगा?"

लेकीनं चपला घातल्या. बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि वॉर्डमध्ये कुणाला घरी सोडताना काढत असेल तसला आवाज काढला.

"तुला नेणार होते, आई. खोलीही रिकामी आहे. पण आता नाही नेता येणार."

"का गं?"

"तुला दिवे लावून ठेवायची सवय लागलीय," लेक म्हणाली. "आणि आमच्याकडची वीज काही माझ्या बापाची नाही."